परिभाषेतील जुना अर्थ आणि परीक्षार्थ्याची चूक

शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या रसायनशास्त्राच्या अध्यापकांना काही चुका इतक्या परिचयाच्या झालेल्या असतात की त्यांचे त्यांना नवल वाटेनासे होते. समतोल अवस्थेत अभिक्रियाकारके व उत्पादिते ह्यांचे प्रमाण सारखे असते. क्षपणात इलेक्ट्रॉन कमी होतात. घटातील धनाग्र हे धन असते. सौम्य आम्लाच्या उदासिनीकरणास अल्कली कमी लागते. बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते. ही विधाने वर्षामागून वर्षे, निरनिराळ्या गावांतील व निरनिराळ्या शाळांतील विद्यार्थी जवळजवळ एकाच शब्दांत लिहितात. तपासनीस त्यांवर तांबडी रेघ ओढतो, आणि समासात 'संकल्पना अस्पष्ट' असा शेरा पडतो.

ह्या शेऱ्यातील निदान कितपत बरोबर आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. ज्याचा अभ्यास झालेला नाही अशा विद्यार्थ्याची चूक विस्कळीत असते. तो आज एक लिहितो, उद्या दुसरे लिहितो, आणि शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याची चूक त्याच्या चुकीसारखी नसते. उलट वर दिलेल्या चुका नियमित आहेत. ज्या चुकीला नियम असतो तिच्यामागे विस्मृती नसून काही तरी तर्क असला पाहिजे. हा तर्क बहुतेक ठिकाणी शब्दाच्या अर्थावरून चालतो. शास्त्राने एक शब्द घडविला तेव्हा त्याच्यामागे एक उपपत्ती होती. पुढे उपपत्ती बदलली, शब्द मात्र तसाच राहिला. पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याच्या हाती नवी व्याख्या आणि जुना शब्द एकत्र देते. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो आणि विचार मात्र शब्दाच्या आधारे करतो. परीक्षेत ज्या चुकीला शिक्षा होते ती पुष्कळदा भाषेवरील विश्वासाची शिक्षा असते.

१

प्रथम 'समतोल' हा शब्द घ्यावा. सम आणि तोल ह्या दोन पदांत तराजूचे चित्र उघड आहे. हा दोष मराठीने निर्माण केलेला नाही; 'एक्विलिब्रियम' ह्या लॅटिन शब्दाच्या पोटातही समान आणि तराजू हीच दोन पदे आहेत. मराठी शब्द हे मुळाचे अत्यंत प्रामाणिक भाषांतर होय. परंतु तराजू समतोल असतो तेव्हा दोन्ही पारड्यांतील वजने सारखी असतात, हे वाण्याच्या दुकानात गेलेल्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. समीकरणाची डावी व उजवी बाजू ही त्याला दोन पारडी वाटली, तर त्यात त्याचा काय अपराध आहे?

शास्त्राच्या इतिहासातही आरंभी असेच चित्र होते. गुल्डबर्ग व वागे ह्या नॉर्वेच्या दोघा शास्त्रज्ञांनी १८६४ मध्ये जो विचार मांडला, तो परस्परविरोधी रासायनिक बलांच्या समतोलाचा होता. समतोल म्हणजे दोन उलट अभिक्रियांच्या वेगांची समता, ही मांडणी व्हांट हॉफच्या १८८४ च्या ग्रंथात ठसठशीतपणे आली. त्याच ग्रंथात दोन उलट बाणांचे चिन्हही रूढ झाले. उपपत्ती बलाकडून वेगाकडे सरकली, पण शब्दातील तराजू जागचा हलला नाही. त्यात दोन्ही बाण सारख्याच लांबीचे छापले जात असल्यामुळे चिन्हानेही शब्दाचीच री ओढली.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. हायड्रोजन व आयोडीन ह्यांपासून हायड्रोजन आयोडाइड होण्याच्या अभिक्रियेचा समतोल-स्थिरांक सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानास ५० च्या आसपास असतो. बंद पात्रात प्रत्येकी १ मोल हायड्रोजन व आयोडीन घेतले, तर समतोल अवस्थेत दोहोंचे प्रत्येकी सुमारे ०.२२ मोल उरतात आणि हायड्रोजन आयोडाइडचे सुमारे १.५६ मोल होतात. एका बाजूस एकूण ०.४४ आणि दुसऱ्या बाजूस १.५६: ह्या तराजूला कोणताही वाणी समतोल म्हणणार नाही. सम आहे तो केवळ घडण्याचा व मोडण्याचा वेग.

ल शाटलिए ह्याच्या १८८४ च्या तत्त्वाचीही हीच गत झाली आहे. पाठ्यपुस्तके ते असे सांगतात की, समतोलात बदल केला असता प्रणाली त्या बदलाला विरोध करते. 'विरोध' ह्या शब्दावरून विद्यार्थी 'निरसन' असा अर्थ घेतो व लिहितो की, घातलेला हायड्रोजन सर्व वापरला जाऊन त्याचे प्रमाण पूर्ववत होते. वरील पात्रात आणखी १ मोल हायड्रोजन घातला, तर नव्या समतोलात हायड्रोजन सुमारे १.०७ मोल राहतो. म्हणजे पूर्वीच्या ०.२२ हून तो कितीतरी अधिकच असतो. विरोध झाला, पण तो अंशतः. हा 'अंशतः' शब्द लिहिण्यास पुस्तकाला फारशी शाई लागली नसती.

२

दुसरी जोडी ऑक्सिडीकरण आणि क्षपण ह्यांची. येथे शब्दाचा भूतकाळ अधिक खोल आहे. लाव्वाझिए व त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये नवी नामपद्धती प्रसिद्ध केली, तीत 'ऑक्सिजन' ह्या नावाचा अर्थ आम्ल उत्पन्न करणारा असा होता. कारण सर्व आम्लांत हे मूलद्रव्य असलेच पाहिजे, अशी लाव्वाझिएची खात्री होती. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने क्लोरिन हे मूलद्रव्य असल्याचे व त्याच्या आम्लात ऑक्सिजन मुळीच नसल्याचे दाखविले. उपपत्ती कोसळली, नाव टिकले. बंगालीने 'अम्लजान' हा शब्द करून, आणि जपानीने आम्लाचे मूलद्रव्य अशा अर्थाचा शब्द करून, ती चूक आपापल्या भाषेत जशीच्या तशी उतरवून घेतली. मराठीत रूढ झालेला 'प्राणवायू' मात्र ह्या चुकीतून सुटला. त्याने दुसरे ओझे पत्करले हे खरे; प्राण देणारा तो केवळ हितकारक, अशी समजूत त्या शब्दाच्या मागोमाग येते, आणि लोखंडास गंज चढविणारा व लाकूड जाळण्यास साहाय्य करणारा वायूही हाच, हे विद्यार्थ्यास जरा उशिरा पटते. तरीही आम्लाविषयीचा गैरसमज मराठी मुलाच्या मनात त्या नावामुळे शिरत नाही.

'क्षपण' शब्दाच्या बाबतीत इतके सुदैव लाभले नाही. क्षीण करणे, घटविणे हा त्याचा मूळ भाव. धातुविद्येत तो यथार्थ होता. काळ्या कॉपर ऑक्साइडच्या ७९.५ ग्रॅमपासून ६३.५ ग्रॅम तांबे मिळते. ऑक्सिजन जातो आणि वजन घटते. भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला क्षपण डोळ्यांनी दिसत असे. पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लागला (१८९७), आणि ऑक्सिडीकरण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणे व क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन मिळविणे अशी व्यापक व्याख्या आली. येथे शब्द आणि व्याख्या ह्यांची तोंडे उलट दिशांना झाली. ज्याला काही मिळाले त्याचे 'क्षपण' झाले असे म्हणावयाचे, हे मराठीत विचार करणाऱ्या मनास सहजासहजी मानवणारे नव्हे.

ह्या विसंगतीचा उलगडा अवघड नाही, परंतु तो पुस्तकात क्वचितच दिलेला असतो. विद्युत्प्रभाराला धन व ऋण ही नावे अठराव्या शतकात फ्रँकलिनने दिली, तेव्हा इलेक्ट्रॉन कोणास ठाऊक नव्हता. पुढे तो सापडला आणि त्या जुन्या संकेतानुसार त्याच्या वाट्यास ऋण चिन्ह आले. म्हणून इलेक्ट्रॉन मिळाला की ऑक्सिडीकरण-अंक घटतो; लोहाचा अंक अधिक तीनवरून अधिक दोनवर येतो. घटतो तो अंक, इलेक्ट्रॉनांची संख्या नव्हे. भट्टीतील वजनाची घट आणि कागदावरील अंकाची घट ह्या दोन निराळ्या घटींना एकच शब्द लाभला, इतकाच ह्या गोंधळाचा इतिहास. तो दोन वाक्यांत सांगितला, तर विद्यार्थ्यास 'क्षपण' हा शब्द शत्रू वाटण्याचे कारण उरत नाही. त्याऐवजी त्याला आद्याक्षरांची एखादी युक्ती पाठ करावयास देण्यात येते. युक्तीने गुण मिळतात. समज मिळत नाही.

३

येथवरच्या उदाहरणांत मराठी शब्दांनी मूळ शब्दांचे दोष वारसाहक्काने घेतले. 'धनाग्र' आणि 'ऋणाग्र' ह्या जोडीत मात्र दोष भाषांतराचा आहे, आणि तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

१८३४ मध्ये फॅरडेने विद्युत अपघटनाचे वर्णन करण्यासाठी नवी नावे शोधली, तेव्हा त्याने केंब्रिजचे विद्वान व्हिवेल ह्यांचा सल्ला घेतला. 'ॲनोड' आणि 'कॅथोड' हे शब्द त्या पत्रव्यवहारातून आले. ग्रीक भाषेत त्यांचा अर्थ वर जाणारी वाट व खाली जाणारी वाट एवढाच असून, सूर्याच्या उगवत्या व मावळत्या मार्गाची कल्पना त्यांच्यामागे होती. विजेच्या स्वरूपाविषयी पुढे मते बदलली तरी शब्द बदलावे लागू नयेत, ही फॅरडेची त्यामागील दृष्टी होती. ह्या शब्दांत चिन्ह नाही, आणि ते हेतुपुरस्सर नाही.

मराठीने, आणि हिंदीनेही, 'धनाग्र' म्हणताना नेमके ते चिन्ह शब्दात घातले. विद्युत अपघटनाच्या पात्रापुरते ते जुळते. तेथे ॲनोड बाहेरील विद्युत्स्रोताच्या धन टोकास जोडलेला असतो. परंतु विद्युत्घटात स्थिती उलटते. १८३६ च्या डॅनियल घटात जस्ताच्या पट्टीवर ऑक्सिडीकरण होते, म्हणून ती ॲनोड; आणि तेथेच इलेक्ट्रॉन मोकळे होत असल्यामुळे तीच घटाचे ऋण टोक. म्हणजे मराठीत लिहावयाचे तर 'ह्या घटाचे धनाग्र ऋण असते' असे वाक्य लिहावे लागते. विद्यार्थी ते वाक्य लिहिण्यास कचरतो व जस्ताला ऋणाग्र म्हणतो. मग ऋणाग्रावर क्षपण होते हा पाठ केलेला नियम लावून तो जस्ताचे क्षपण करतो, आणि एका शब्दापायी संपूर्ण प्रश्नाचे उत्तर विपरीत होते. त्याच्या तर्कातील प्रत्येक पायरी सुसंगत असते. चुकीची असते ती पहिली पायरी, आणि ती परिभाषेने बांधून दिलेली असते.

४

आम्लांच्या प्रकरणात चुकांची एक मालिकाच आढळते. 'तीव्र' व 'सौम्य' हे शब्द परिभाषेत आम्लाच्या आयनीभवनाची मात्रा दर्शवितात. 'संहत' व 'विरल' हे द्रावणातील प्रमाण दर्शवितात. व्यवहारात मात्र तीव्र वास, तीव्र वेदना, सौम्य औषध असे शब्दप्रयोग परिणामाची कमीअधिक जोरकसता सांगतात, आणि ही जोरकसता प्रमाणावरही अवलंबून असते. प्रयोगशाळेत 'जपून, तीव्र आम्ल आहे' अशी सूचना दिली जाते तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात बहुधा 'संहत' असते. ह्याच सवयीने विद्यार्थी लिहितो की, तीव्र आम्लात पाणी पुष्कळ घातले की ते सौम्य होते. वास्तविक लिटरमध्ये ०.००१ मोल इतके विरल हायड्रोक्लोरिक आम्लही तीव्रच असते, आणि कातडी भाजणारे निर्जल ॲसेटिक आम्ल परिभाषेनुसार सौम्यच राहते.

ह्यापुढील चूक अधिक बोधप्रद आहे. लिटरमध्ये ०.१ मोल प्रमाणाचे २५ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तितक्याच प्रमाणाचे २५ मिलिलिटर ॲसेटिक आम्ल घेतले. पहिल्याचा पीएच सुमारे १, तर दुसऱ्याचा सुमारे २.९. ह्यांपैकी कोणास सोडियम हायड्रॉक्साइड अधिक लागेल, असे विचारले असता 'तीव्र आम्लास' हे उत्तर सर्रास येते. ०.१ मोल प्रमाणाचे सोडियम हायड्रॉक्साइड वापरल्यास दोहोंनाही २५ मिलिलिटरच लागते. ॲसेटिक आम्लाचे आरंभी शेकडा १.३ च्या आसपास रेणूच आयनीभूत झालेले असतात. परंतु अल्कली त्यांतील हायड्रोजन आयन वापरू लागली की उरलेले रेणू क्रमाने आयनीभूत होत जातात. तीव्रता ही त्या क्षणीची स्थिती आहे, साठ्याचे माप नव्हे.

आणि ह्या अनुमापनाच्या अखेरीस द्रावणाचा पीएच किती असतो? 'उदासिनीकरण' पूर्ण झाले म्हणजे द्रावण उदासीन झाले, म्हणून ७, असे विद्यार्थी लिहितो. मराठी व्याकरणाच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष आहे. एखाद्या वस्तूचे 'करण' झाले म्हणजे ती वस्तू तशी झाली, हाच त्या प्रत्ययाचा अर्थ. रसायनाच्या दृष्टीने मात्र पीएच सुमारे ८.७ असतो, कारण राहिलेला ॲसेटेट आयन स्वतः दुर्बल आम्लारी आहे. म्हणूनच ह्या अनुमापनासाठी ८.२ च्या पुढे रंग बदलणारे फिनॉल्फ्थॅलिन वापरतात आणि ४.४ च्या आतच ज्याचा रंगबदल पुरा होतो ते मिथिल ऑरेंज वापरीत नाहीत. दर्शकाची निवड विद्यार्थ्यांकडून कोष्टकावरून पाठ करून घेतली जाते. त्या कोष्टकाने 'उदासिनीकरण' ह्या शब्दालाच छेद दिला आहे, हे मात्र कोणी त्यांच्या लक्षात आणून देत नाही.

५

ह्याहून सूक्ष्म दोष नामांत नसून क्रियापदांत आहे. अणूला अष्टक पूर्ण करावयाचे असते; सोडियम आपला इलेक्ट्रॉन देतो; क्लोरिन तो स्वीकारतो; दोघेही स्थिर होतात. लुईसने १९१६ मध्ये मांडलेली व लँगम्यूरने १९१९ पासून लोकप्रिय केलेली अष्टकाची कल्पना शालेय गद्यात अशा दानधर्माच्या भाषेत अवतरली आहे. 'देणे' ह्या क्रियापदात खुशी गृहीत असते. त्यामुळे सोडियमचा अणू इलेक्ट्रॉन देतो तेव्हा ऊर्जा बाहेर पडते, असे विद्यार्थ्यास वाटले तर ते स्वाभाविक होय. वस्तुस्थिती अशी की, वायुरूप सोडियमच्या १ मोल अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन काढून घेण्यास सुमारे ४९६ किलोज्यूल खर्चावे लागतात. क्लोरिनला तो दिल्याने सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळतात. केवळ ह्या देवघेवीत १४७ किलोज्यूलचा तोटाच आहे. हा तोटा भरून निघतो तो असंख्य आयनांची स्फटिकात रचना होताना मुक्त होणाऱ्या सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जेने. मिठाचे अस्तित्व दोन अणूंच्या समाधानावर नसून समूहाच्या रचनेवर उभे आहे.

ह्यावरूनच 'मिठाचा एक रेणू' ही दुसरी चूक उद्भवते. देणारा एक व घेणारा एक, तेव्हा त्यांची जोडी हा रेणू, असे चित्र तयार होते. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांच्या क्ष-किरण संशोधनातून दिसले की, स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात व प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. जोडी अशी नसतेच. ही गोष्ट पचविणे केवळ शाळकरी मुलासच जड गेले असे नाही. हेन्री आर्मस्ट्राँग ह्या इंग्लंडमधील नामांकित व वयोवृद्ध रसायनज्ञाने १९२७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात बुद्धिबळाच्या पटासारख्या ह्या रचनेचा उपहास केला होता. आयुष्यभर रसायनाचे अध्यापन केलेल्या पुरुषास जो शब्दाचा मोह आवरला नाही, तो सोळा वर्षांच्या परीक्षार्थ्यास आवरावा अशी अपेक्षा आहे.

'बंधात साठलेली ऊर्जा' हा शब्दप्रयोगही ह्याच जातीचा. साठवण फोडली की साठा बाहेर येतो, हे कणगीच्या बाबतीत खरे आहे; बंधाच्या बाबतीत उलट खरे आहे. हायड्रोजन व क्लोरिन ह्यांच्या प्रत्येकी १ मोल रेणूंचे बंध तोडण्यास सुमारे ४३६ आणि २४३, म्हणजे एकूण ६७९ किलोज्यूल द्यावे लागतात. हायड्रोजन क्लोराइडचे २ मोल बंध तयार होताना सुमारे ८६२ किलोज्यूल बाहेर पडतात. उष्णता मिळते ती ह्या १८३ किलोज्यूलच्या फरकातून. नवा बंध जुन्याहून बळकट असतो, म्हणून उष्णता मिळते. जीवशास्त्राच्या तासाला मात्र त्याच विद्यार्थ्यास एटीपीमधील 'उच्च-ऊर्जा बंध' तुटून ऊर्जा मिळते असे शिकविले जाते. लिपमनने १९४१ मध्ये रूढ केलेल्या ह्या संज्ञेत बंध तुटणे हे पाण्याशी होणाऱ्या संपूर्ण अभिक्रियेचे संक्षिप्त नाव आहे. दोन विषयांच्या पुस्तकांनी एकमेकांशी बोलावयाचे नाही असे ठरविले, की मधल्या मधे विद्यार्थी चुकतो.

६

ह्या विवेचनावरून एक निष्कर्ष घाईने काढला जाण्याचा संभव आहे: दोष मराठी परिभाषेचा आहे, तेव्हा विज्ञान आरंभापासून इंग्रजीतूनच शिकवावे. महाराष्ट्रात हा विचार आचरणातही आलेला आहे. अनेक मराठी शाळांत विज्ञान व गणित इंग्रजीतून शिकविण्याची पद्धत पसरली आहे, आणि अकरावीपासून विज्ञानशाखेचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीतूनच होते. परंतु प्रस्तुत चुकांवर हा उपाय लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियात हॅकलिंग व गार्नेट ह्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समतोलातील प्रमाणांविषयी अशाच तऱ्हेचे गैरसमज आढळले, आणि ते विद्यार्थी इंग्रजीतूनच शिकत होते. अष्टकाच्या इच्छेची भाषा इंग्रज विद्यार्थ्यांच्या विचारास कशी व्यापून टाकते, ह्याचे सविस्तर विवेचन कीथ टेबर ह्यांनी केले आहे. ज्यांना ते शब्द मातृभाषेचे आहेत त्यांनाही ते फसवितात. मराठी विद्यार्थ्यास परका शब्द दिल्याने फार तर इतके होईल की तो शब्द त्याला काहीच सांगणार नाही. चुकीचा अर्थ सांगणाऱ्या शब्दापेक्षा मुका शब्द बरा, हे एखाद्या ठिकाणी खरे असेल. परंतु मुक्या शब्दांनी विचार करता येत नाही.

संस्कृतोद्भव परिभाषा सर्व भारतीय भाषांत एक केली म्हणजे प्रश्न सुटेल, हा दुसरा पक्ष. १९६१ मध्ये केंद्र शासनाने स्थापिलेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाच्या कार्यामागे ही आकांक्षा होती आणि ती स्तुत्य होती. तथापि शब्द एक झाला म्हणून अर्थ एक होत नाही. मराठीत 'अणू' म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण व 'रेणू' म्हणजे अणूंचा समूह. हिंदीत त्या लहान कणास 'परमाणु' म्हणतात आणि समूहास 'अणु'. ऑक्सिजनचा अणुभार मराठी पुस्तकात १६ आणि हिंदी पुस्तकात ३२ असतो, व दोन्ही पुस्तके बरोबर असतात. दोन्ही भाषांतील मार्गदर्शिका चाळणारा विद्यार्थी मात्र गणितात दुपटीची चूक करून बसतो.

येथे ह्या मताची मर्यादाही नोंदविली पाहिजे. सर्वच चुका शब्दजन्य नसतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचे लिटरमध्ये १० चा उणे आठवा घात इतके मोल असलेले द्रावण घेतले असता त्याचा पीएच ८ येतो, असे जो लिहितो त्याला कोणत्याही शब्दाने फसविलेले नाही. आम्ल पाण्यात घातल्याने पाणी अल्कधर्मी झाले, हे आपण लिहीत आहोत इकडे त्याचे लक्ष नाही. पाण्याचे स्वतःचे आयन जमेस धरले तर उत्तर सुमारे ६.९८ येते. उकळत्या पाण्यातील बुडबुड्यांत हायड्रोजन व ऑक्सिजन असतात ही समजूतही परिभाषेतून आलेली नसून, न दिसणाऱ्या वाफेची कल्पना न करता आल्यामुळे आलेली आहे. सूत्राची अंध योजना व कल्पनाशक्तीचे दुबळेपण ह्यांचा उपचार निराळा. परंतु उपचार निराळा म्हणूनच निदानही निराळे केले पाहिजे, आणि 'संकल्पना अस्पष्ट' ह्या एकाच शेऱ्याखाली तिन्ही प्रकार घालणे सोडून दिले पाहिजे.

७

मग करावे काय? सर्व परिभाषा नव्याने घडविणे शक्य नाही आणि इष्टही नाही. 'समतोल', 'क्षपण', 'उदासिनीकरण' हे शब्द राहू द्यावेत. त्यांच्यातील विसंगती ही शास्त्राच्या वाटचालीची खूण आहे, आणि ती उघड करून दाखविली तर शिकविण्याचे साधन होईल. समतोलाच्या व्याख्येशेजारी 'सम काय असते व काय नसते' हे एक वाक्य, क्षपणाशेजारी भट्टीची व अंकाची दोन वाक्ये, उदासिनीकरणाशेजारी ८.७ हा आकडा, इतके केल्याने पुस्तकाची पृष्ठसंख्या वाढणार नाही. 'धनाग्र' व 'ऋणाग्र' ह्यांचा मात्र घटाच्या प्रकरणापुरता तरी त्याग करून ॲनोड व कॅथोड हेच शब्द योजावेत. कारण तेथे मराठी शब्द मुळाहून अधिक सांगतो, आणि जे अधिक सांगतो ते खोटे ठरते. प्रत्येक परका शब्द हद्दपार करणे ही भाषेची सेवा नव्हे. कोणता ठेवावा ह्याचा विवेक ही सेवा होय.

परीक्षेचा प्रश्न ह्याहून निकडीचा आहे. 'रासायनिक समतोलाची व्याख्या लिहा' असा प्रश्न विचारला की पाठ केलेले वाक्य येते, पूर्ण गुण पडतात, आणि मनातील तराजू अबाधित राहतो. तोच तराजू पुढच्या गणितात उघडा पडतो तेव्हा गुण कापले जातात. एकाच समजुतीला एका पानावर बक्षीस आणि दुसऱ्या पानावर दंड देणारी परीक्षा नेमके काय मोजते? त्याऐवजी ०.२२, ०.२२ आणि १.५६ हे आकडे देऊन 'ही अवस्था समतोलाची असू शकेल काय, कारणासह सांगा' असे विचारले, तर शब्दावर विसंबणारा व अर्थ जाणणारा असे दोघेही ओळखू येतील, आणि कारणाला गुण देता येतील.

ज्या विद्यार्थ्याने 'समतोल' वाचून दोन्ही बाजू समान मानल्या, त्याने आपल्या भाषेतील शब्द गंभीरपणे घेतला होता. असे विद्यार्थी थोडे असतात, आणि परिभाषेला तेच हवे असतात. त्यांच्या उत्तरावर रेघ ओढावयासच हवी, कारण उत्तर चूक आहे. परंतु रेघेशेजारी शेरा लिहिताना तपासनिसाने तो विद्यार्थ्यास उद्देशून लिहावयाचा की पुस्तकास, ह्याचा क्षणभर विचार करणे अगत्याचे आहे.